उन्माद, औदासीन्य आणि न विचारला गेलेला प्रश्न
द्विध्रुवीय भावविकार असलेल्या पुरुषांच्या लैंगिक आरोग्याविषयी

उज्जैन हे महाकाळाचे नगर. राणोजी शिंदे यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी अठराव्या शतकात महाकाळ मंदिराचा जीर्णोद्धार केला. मराठी माणसाचे या नगरीशी जडलेले नाते तेव्हापासून आजवर टिकून आहे. महाकाळाचे दर्शन झाले की पुष्कळ यात्रेकरू क्षिप्रेच्या काठी, गढकालिका मंदिरापासून जवळच असलेल्या भर्तृहरीच्या गुहेकडे वळतात. राज्य, राणी आणि सुखोपभोग यांचा त्याग करून भर्तृहरी राजा येथे तपाला बसला, अशी लोकश्रद्धा आहे. याच नावावर संस्कृतात ‘शृंगारशतक’ आहे आणि ‘वैराग्यशतक’ही आहे. वामन पंडितांनी सतराव्या शतकात ही शतके मराठीत आणली. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू इत्सिंग याने भर्तृहरी नावाच्या एका विद्वानाविषयी लिहून ठेवले आहे, की तो सात वेळा मठात गेला आणि सात वेळा संसारात परतला. राजा, कवी आणि हा विद्वान एकच होते की वेगवेगळे, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

प्राचीन काळातील कोणा व्यक्तीला आजच्या वैद्यकशास्त्रातील निदान चिकटवणे योग्य नव्हे. तथापि एकाच माणसाचे मन दोन टोकांकडे ओढले जाऊ शकते, हे आपल्या समाजाने फार पूर्वी ओळखले होते, एवढे यातून निश्चित कळते. वैराग्य मनुष्य विचारपूर्वक स्वीकारतो. काही माणसांच्या वाट्याला मात्र अशी दोन टोके येतात, की त्यांपैकी एकही त्यांनी निवडलेले नसते. काही आठवडे कामेच्छेला बांध राहत नाही. नंतरचे काही महिने इच्छा म्हणजे काय याचीही आठवण उरत नाही. त्यावर उपचार सुरू झाले की कित्येकदा औषधांमुळे शरीर साथ देईनासे होते. या अवस्थेला द्विध्रुवीय भावविकार म्हणतात. ‘बायपोलर डिसऑर्डर’ हे त्याचे नाव आता वर्तमानपत्रांतून सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. त्या पुरुषाच्या लैंगिक जीवनाचे काय होते, हा प्रश्न मात्र अद्याप दबक्या आवाजातसुद्धा विचारला जात नाही.

विकाराचे स्वरूप

या विकारात मनःस्थितीचे दोन ध्रुव असतात. एक उन्मादाचा. या काळात झोपेची गरज कमी होते, बोलणे वाढते, विचारांना वेग येतो, पैसा पाण्यासारखा खर्च होतो आणि आपल्याला काहीही अशक्य नाही असे वाटू लागते. दुसरा ध्रुव औदासीन्याचा. या काळात उत्साह, भूक, एकाग्रता आणि जगण्याची गोडी क्रमाक्रमाने ओसरत जाते. दोन्हींच्या मध्ये पुष्कळदा दीर्घकाळ मन स्थिर राहते आणि त्या काळात रुग्ण नोकरी, धंदा, घरप्रपंच इतरांप्रमाणेच सांभाळतो. काहींना पूर्ण उन्माद न येता त्याचे सौम्य रूप येते. ते आजारपण वाटतच नाही. ‘सध्या स्वारी भलतीच खुशीत आहे’ असे म्हणून घरचे त्याकडे दुर्लक्ष करतात.

बेंगळुरू येथील निम्हान्स या राष्ट्रीय संस्थेने २०१५-१६ मध्ये देशातील १२ राज्यांत मानसिक आरोग्याचे सर्वेक्षण केले. उज्जैन ज्या राज्यात आहे, त्या मध्य प्रदेशाचाही त्यात समावेश होता. प्रौढांपैकी सुमारे अर्ध्या टक्क्याला आयुष्यात कधी ना कधी हा विकार होतो, असे त्यातून दिसले. हे प्रमाण लहान वाटते. परंतु १५ लाख प्रौढ असलेल्या प्रदेशात ही संख्या सात-साडेसात हजारांवर जाते. या विकाराच्या रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के उपचारांपासून दूर आहेत, असेही त्याच सर्वेक्षणाने नोंदवले.

स्त्रिया आणि पुरुष यांच्यात हा विकार जवळजवळ सारख्याच प्रमाणात आढळतो. त्याची सुरुवात बहुधा किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत होते. मुलगा शिक्षण संपवून कामाला लागतो, त्याच्यासाठी स्थळे पाहिली जातात, त्याचे लैंगिक जीवन आकार घेऊ लागते, तेच हे वय. त्यामुळे या आजाराचा लैंगिकतेशी संबंध वरवरचा नसून मुळापासूनचा आहे.

उन्मादातील अनावर इच्छा

उन्मादाच्या काळात पुष्कळ रुग्णांची कामेच्छा एकाएकी वाढते. परिणामांची पर्वा न करता केलेले लैंगिक वर्तन हे उन्मादाच्या निदानातील एक लक्षण म्हणूनच वैद्यकशास्त्र मानते. एरवी मितभाषी आणि संकोची असलेला मनुष्य अनोळखी स्त्रियांशी सलगी करू लागतो, रात्र-रात्र मोबाईलवर घालवतो, पत्नीकडे अवेळी आग्रह धरतो किंवा विवाहबाह्य संबंधांत ओढला जातो. प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत असे घडते असे नाही. आणि ज्याची कामेच्छा मुळातच अधिक आहे, तो आजारी असतो असेही नाही. निदानासाठी पाहायचा असतो तो बदल. हा मनुष्य नेहमी असा वागतो का? त्याच सुमारास त्याची झोप तीन-चार तासांवर आली आहे का? खर्च, बडबड, चिडचिड वाढली आहे का? ही सर्व चिन्हे एकत्र दिसली, तर चारित्र्याची चर्चा करण्याआधी डॉक्टर गाठणे अधिक शहाणपणाचे.

उन्माद ओसरल्यावर खरी परीक्षा सुरू होते. आपण काय केले हे रुग्णाला आठवते. घरातल्यांना तर ते विसरताच येत नाही. लाज, अपराधीपणा आणि पाठोपाठ येणारे औदासीन्य यांचा मेळ धोक्याचा असतो. या विकारात आत्महत्येचा धोका सर्वसामान्य लोकांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक असतो, हे कुटुंबीयांनी विसरता कामा नये. ‘तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस’ हे वाक्य अशा वेळी जिवावर बेतू शकते.

येथे एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आजारामुळे वर्तनाचा उलगडा होतो. दुसऱ्या व्यक्तीची संमती मात्र त्यामुळे अनावश्यक ठरत नाही. उन्मादात असलेल्या पतीला नकार देण्याचा पत्नीला पूर्ण अधिकार आहे. तिला असुरक्षित वाटत असेल, तर वेगळ्या खोलीत झोपणे, माहेरच्या किंवा सासरच्या विश्वासू माणसाला बोलावून घेणे, डॉक्टरांना ताबडतोब कळवणे, हे सर्व तिने निःसंकोचपणे करावे. त्याने पतीशी प्रतारणा होत नाही. उलट त्यालाही पुढच्या पश्चात्तापापासून वाचवल्यासारखे होते.

शरीराची काळजीही तितकीच निकडीची आहे. असुरक्षित संबंध आला असेल, तर एचआयव्हीचा संसर्ग टाळणारी औषधे ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. जितक्या लवकर सुरू कराल तितका लाभ अधिक. सरकारी रुग्णालयांतील समुपदेशन व चाचणी केंद्रांत एचआयव्हीची तपासणी विनामूल्य होते आणि तिची माहिती गुप्त ठेवणे कायद्याने बंधनकारक आहे. सिफिलिस, गोनोरिया, कावीळ ‘ब’ यांच्या तपासण्याही विसरू नयेत. १०९७ या राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगता मार्गदर्शन मिळते.

औदासीन्यातील शांतता

उन्मादातील वर्तन डोळ्यांवर येते. औदासीन्यातील लैंगिक अडचण घराच्या भिंतीआडच राहते. इच्छा मरून जाते, स्पर्श नकोसा होतो, लिंगाला ताठरपणा येत नाही किंवा टिकत नाही. बहुतेक रुग्णांच्या आयुष्यात उन्मादापेक्षा औदासीन्याचे दिवस अधिक असतात, त्यामुळे ही शांतता महिनोन्महिने टिकते. पत्नीला वाटते, आपल्यातच काही उणे असावे किंवा याचे मन दुसरीकडे गुंतले असावे. पतीला वाटते, आपले पुरुषत्व संपले. दोघेही गप्प राहतात आणि त्या गप्प राहण्याला हळूहळू दुराव्याचा अर्थ येतो. ही अवस्था आजाराचा भाग आहे, मन सावरल्यावर इच्छाही बहुधा परतते, एवढे एक वाक्य डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितले, तरी पुष्कळ संसारांतील गैरसमज टळतील.

औषधे: उपकार आणि उपसर्ग

या विकारावरील सर्वांत जुने आणि अद्याप सर्वांत विश्वासार्ह औषध म्हणजे लिथियम. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादावरील त्याचा गुण प्रथम जगापुढे मांडला. मनःस्थिती स्थिर ठेवणे आणि आत्महत्येचा धोका कमी करणे, ही दोन्ही कामे ते करते. काही पुरुषांत मात्र त्यामुळे कामेच्छा मंदावते किंवा ताठरपणात अडचण येते. चंडीगढ येथील पीजीआय या संस्थेतील मनोविकारतज्ज्ञांनी लिथियम घेणाऱ्या, मन स्थिर असलेल्या रुग्णांचा अभ्यास केला. त्यांतील सुमारे एक-तृतीयांश जणांना लैंगिक अडचण असल्याचे आढळले. ज्यांना ही अडचण होती, त्यांचे औषधे नियमित घेण्याचे प्रमाणही कमी होते. ज्या गोळीने मन सावरले, तीच गोळी शय्येवरील अपयशाचे कारण आहे असे वाटले, की मनुष्य ती गुपचूप बंद करतो. डॉक्टरांना सांगत नाही, कारण डॉक्टरांनी विचारलेले नसते. घरी सांगत नाही, कारण काय सांगावे हे त्याला कळत नाही. लिथियम एकाएकी थांबवले, की उन्माद पुन्हा उसळण्याचा धोका मोठा असतो. न विचारलेल्या एका प्रश्नाची किंमत अशी संपूर्ण कुटुंबाला मोजावी लागते.

लिथियमखेरीज इतरही औषधे वापरली जातात. रिस्पेरिडोन, हॅलोपेरिडॉल, अमिसल्प्राइड यांसारख्या औषधांमुळे रक्तातील प्रोलॅक्टिन हे संप्रेरक वाढते. त्याने इच्छा कमी होते, ताठरपणा घटतो आणि क्वचित पुरुषाच्या छातीला सूज येते. ॲरिपिप्राझोल आणि क्वेटियापिन यांचा हा दोष पुष्कळ कमी आहे. ओलान्झापिनमुळे वजन आणि रक्तातील साखर वाढू शकते. मधुमेह तर ताठरपणाचा जुनाच वैरी. कार्बमाझेपिन पुरुष संप्रेरकांच्या पातळीवर परिणाम करते. लॅमोट्रिजिन या बाबतीत बहुधा कमी त्रासदायक ठरते. नैराश्यावरील फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन, पॅरोक्सेटिन या गोळ्यांनी वीर्यस्खलन लांबते. शिवाय द्विध्रुवीय विकारात त्या एकट्याच दिल्या तर उन्माद उद्भवू शकतो.

ही यादी वाचून आपले औषध वाईट आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. तेच औषध एकाला त्रास देते आणि दुसऱ्याला काहीच करत नाही. यादीचा उपयोग एवढाच, की अडचणीला कारण असते आणि कारण सापडले तर उपायही निघतो, हे लक्षात यावे.

उपाय कोणते?

पहिली पायरी तपासणीची. प्रत्येक अडचण औषधामुळेच आली असे गृहीत धरता येत नाही. लिथियम घेणाऱ्यांत थायरॉइड ग्रंथीचे काम मंदावू शकते, आणि त्यानेही कामेच्छा घटते. म्हणून थायरॉइड, रक्तातील साखर, रक्तदाब, चरबी, प्रोलॅक्टिन आणि गरज वाटल्यास टेस्टोस्टेरॉन यांची तपासणी करतात. तंबाखू आणि दारू यांचा वाटाही प्रामाणिकपणे सांगावा लागतो. ताठरपणाची तक्रार ही कधीकधी हृदयविकाराची पूर्वसूचना असते, त्यामुळे चाळिशी ओलांडलेल्यांनी ती हसण्यावारी नेऊ नये.

दुसरी पायरी औषधांच्या फेरविचाराची. काही काळ वाट पाहणे, मात्रा थोडी कमी करणे, गोळीची वेळ बदलणे, दुसऱ्या औषधाकडे सावकाश वळणे, असे अनेक मार्ग मनोविकारतज्ज्ञापाशी असतात. यांपैकी कोणताही मार्ग रुग्णाने स्वतःच्या मनाने चोखाळू नये.

तिसरी पायरी पूरक उपचारांची. १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले सिल्डेनाफिल आणि त्याच्या वर्गातील टाडालाफिल ही औषधे ताठरपणासाठी उपयुक्त ठरतात. त्यांच्यामुळे इच्छा निर्माण होत नाही. इच्छा असताना शरीराला साहाय्य मिळते. छातीत दुखण्यावर नायट्रेट वर्गातील गोळी घेणाऱ्यांनी ती कधीही घेऊ नयेत, कारण रक्तदाब जीवघेण्या रीतीने कोसळतो. उन्मादाचा रंग दिसत असताना अशी गोळी घेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनेही डॉक्टरांच्या देखरेखीखेरीज घेऊ नयेत; त्यांनी उन्माद भडकू शकतो.

आणखी एक गोष्ट प्रत्येक पुरुषाला ठाऊक असावी. ट्रॅझोडोन, क्लोरप्रोमाझिन, रिस्पेरिडोन यांसारख्या औषधांनी क्वचित लिंग तासन्तास ताठर राहते व दुखू लागते. चार तासांहून अधिक काळ असे राहिले, तर लाज बाजूला ठेवून रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. विलंब झाला तर कायमचे नुकसान होते.

अपत्याचा विचार

‘मुलालाही हा आजार होईल का?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक कुटुंबाच्या मनात असतो. आनुवंशिकतेचा भाग या विकारात मोठा आहे. तरीही आई किंवा वडील यांपैकी एकाला तो असल्यास अपत्याला होण्याची शक्यता साधारणतः पाच ते दहा टक्के मानली जाते. म्हणजे दहांपैकी नऊ किंवा अधिक मुलांना तो होत नाही. या कारणासाठी कोणाला पितृत्व नाकारण्याचे प्रयोजन नाही.

वॅल्प्रोएट या औषधाची गोष्ट मात्र वेगळी आहे. गर्भवतीने ते घेतल्यास बाळाला गंभीर अपाय होतो, हे सिद्ध झालेलेच आहे. पुरुषांत त्यामुळे शुक्राणूंची संख्या व हालचाल कमी होऊ शकते. औषध थांबवल्यावर ती सुधारू शकते. जानेवारी २०२४ मध्ये युरोपच्या औषध नियामक संस्थेने पुरुषांसाठीही सावधगिरीची सूचना दिली. गर्भधारणेच्या आधीच्या तीन महिन्यांत वडील हे औषध घेत असतील, तर मुलाच्या बौद्धिक व वर्तनविषयक वाढीत अडचणी येण्याची शक्यता किंचित वाढू शकते, असे उत्तर युरोपातील नोंदींवरून दिसले होते. वॅल्प्रोएट घेणाऱ्या वडिलांच्या १०० मुलांमागे सुमारे पाच, तर तुलनेसाठी घेतलेल्या इतर औषधांच्या बाबतीत सुमारे तीन, असे ते प्रमाण होते. नंतरच्या सर्वच अभ्यासांत हा संबंध आढळलेला नाही. म्हणून भय नको. पण अपत्याचा विचार असलेल्या पुरुषाने काही महिने आधी डॉक्टरांशी बोलावे, हे उत्तम.

भिंतींवरील आश्वासने

उत्तर हिंदुस्थानातून रेल्वेने प्रवास करताना रुळांलगतच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’, ‘मर्दानी कमजोरी’ अशी मोठमोठी अक्षरे दिसतात. ती कोणाला परकी वाटत असतील, तर आपल्याकडील बसस्थानकांच्या स्वच्छतागृहांतील चिकटपत्रे आठवावीत. वीर्य हा शरीराचा सारभूत धातू असून तो गेला की शक्ती जाते, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजलेली आहे. त्या भीतीतून उद्भवणाऱ्या थकवा, चिंता व अपराधीपणाच्या तक्रारींना मनोविकारतज्ज्ञ डॉ. एन. एन. विग यांनी १९६० मध्ये ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिले. द्विध्रुवीय विकार असलेला पुरुष लैंगिक अडचण घेऊन अशा दाराशी गेला, की त्याला मूळ आजाराविषयी कोणी विचारत नाही. हाती पडते पुडी. अशा पुड्यांत कधी सिल्डेनाफिल, कधी स्टेरॉइड मिसळलेले सापडल्याची प्रकरणे देश-विदेशांत उघडकीस आली आहेत. स्टेरॉइडने उन्माद येऊ शकतो. लघवी वाढवणाऱ्या द्रव्यांनी रक्तातील लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकते.

लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिराती १९५४ च्या कायद्याने निषिद्ध आहेत. भिंती मात्र अद्याप रंगवल्या जातात, कारण त्या एका खऱ्या गरजेला खोटे उत्तर देतात. मराठीत या विषयावर उघडपणे व शास्त्रीय भूमिकेतून लिहिण्याची परंपरा नाही असे नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले आणि त्यापायी खटले व उपेक्षा सोसली. मासिक बंद होऊन सात दशके लोटली, तरी पुरुषाने लैंगिक अडचण सांगावी कोठे, हा प्रश्न शिल्लक आहे.

यात्रेला निघताना

उज्जैनला जाणाऱ्या रुग्णांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. महाकाळाची भस्मारती पहाटे चारच्या सुमारास होते, आणि तिच्यासाठी रात्री-बेरात्रीच रांगेत उभे राहावे लागते. या विकारात एका रात्रीचे जागरणसुद्धा उन्मादाला आमंत्रण ठरू शकते. महाकाळाचा भांगेचा शृंगार प्रसिद्ध आहे, आणि नगरात भांग सहज मिळते. भक्तीच्या ओघात घेतलेली भांग द्विध्रुवीय रुग्णाचे मन बिघडवू शकते. पुढील सिंहस्थ २०२८ मध्ये, ऐन उन्हाळ्यात भरणार आहे. उन्हात घाम गेला, पाणी कमी पडले किंवा निर्जळी उपवास घडला, की रक्तातील लिथियम वाढते. हात थरथरणे, उलट्या, जुलाब, तोल जाणे ही त्याची चिन्हे होत. अशा वेळी अंगदुखीवर आयब्युप्रोफेनसारखी गोळी घेणे अधिकच घातक. दर्शन दिवसाचे घ्यावे, पाण्याची बाटली व औषधांची चिठ्ठी जवळ ठेवावी, आणि मुक्कामाच्या दिवसांतही गोळीची वेळ चुकवू नये. देवाच्या दारी गेल्यावर औषध थांबवावे, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही.

मदत कोठे मिळते?

उज्जैनमध्ये आर. डी. गार्डी वैद्यकीय महाविद्यालय आहे. राज्यातील दोन मोठी मनोरुग्णालये ग्वाल्हेर येथे आणि इंदूरच्या बाणगंगा भागात आहेत, आणि इंदूर उज्जैनपासून साधारण तासा-दीड तासाच्या अंतरावर आहे. गोव्याच्या वाचकांना अभिमान वाटावा असा एक दुवाही या प्रदेशाशी आहे. १९९६ मध्ये गोव्यात स्थापन झालेल्या ‘संगाथ’ या संस्थेने माळव्यातच, सिहोर जिल्ह्यात, ‘प्राइम’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात सहभाग घेतला. मानसिक उपचार सामान्य आरोग्य केंद्रांत कसे आणता येतील, हे त्यात पाहिले गेले. त्यातून ‘मनकक्ष’ ही कल्पना पुढे आली. रुग्णालयातच एक स्वतंत्र खोली, जेथे मनाविषयी खाजगीत बोलता येते. पुढे मध्य प्रदेशातील जिल्हा रुग्णालयांत अशी मनकक्षे सुरू करण्यात आली. लैंगिक अडचण सांगायला दार बंद होणारी खोली आणि घाई नसलेला ऐकणारा, एवढे तरी लागतेच.

गोव्यात बांबोळी येथील ‘आयपीएचबी’ हे सरकारी मनोरुग्णालय आहे. देशभर कोठूनही १४४१६ या ‘टेलिमानस’ क्रमांकावर २४ तास विनामूल्य सल्ला मिळतो. ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली.

कायद्याचे बळही मागे आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे ही डॉक्टर व रुग्णालय यांची जबाबदारी आहे. त्याच कायद्याने प्रत्येक प्रौढाला आगाऊ निर्देश लिहून ठेवण्याचा अधिकार दिला आहे. मन स्थिर असताना रुग्ण लिहून ठेवू शकतो, की उन्माद आला तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि निर्णय कोणी घ्यावा. मोबाईल, बँक आणि वाहन अशा वेळी कोणी ताब्यात घ्यावे, याचाही समझोता पती-पत्नींनी आधीच करून ठेवणे हितावह.

विवाहाच्या बाबतीत ‘लग्न झाले की सुधारेल’ हा सल्ला दोन आयुष्यांना गोत्यात आणतो. विवाह हा औषधोपचार नव्हे. आजार लपवून केलेला संसार पहिल्या उन्मादात उघडा पडतो आणि मग आजारापेक्षा फसवणुकीची जखम मोठी ठरते. उलटपक्षी, केवळ मानसिक आजार आहे एवढ्यावरून घटस्फोट मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने हिंदू विवाह कायद्याखालील एका खटल्यात २०१३ मध्ये पुन्हा स्पष्ट केले. गोव्यात तो कायदा लागू नसून येथील नागरी संहिता लागू आहे, त्यामुळे येथे स्थानिक वकिलाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न कसा विचारावा?

डॉक्टरांसमोर शब्द सापडत नाहीत, ही बहुतेकांची अडचण असते. त्यासाठी मोठ्या भाषणाची गरज नाही. ‘डॉक्टर, गोळ्या सुरू झाल्यापासून इच्छा कमी झाली आहे’ किंवा ‘ताठरपणा टिकत नाही, याचा औषधांशी संबंध आहे का?’ एवढे पुरे. तेही बोलवत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून पुढे करावे. केव्हापासून, किती वेळा, झोपेतून उठताना ताठरपणा येतो का, सोबत आणखी कोणती औषधे चालू आहेत, या चार नोंदी डॉक्टरांना पुष्कळ काही सांगून जातात. नातेवाईक सोबत असतील, तर त्यांना पाच मिनिटे बाहेर बसायला सांगण्याचा रुग्णाला हक्क आहे. अविवाहित पुरुष, विधुर, समलिंगी पुरुष या सर्वांनाही हा प्रश्न तितकाच लागू आहे. लैंगिक आरोग्य ही केवळ विवाहितांची बाब नाही.

डॉक्टरांकडूनही अपेक्षा आहे. झोप कशी आहे, भूक कशी आहे, असे विचारताना त्याच सुरात लैंगिक जीवनाविषयी एक प्रश्न विचारला, तर रुग्णाच्या मनावरचे ओझे निम्मे हलके होते. गोळी सुरू करतानाच तिचा हा उपसर्ग सांगितला, तर ती चोरून बंद करण्याची वेळ येत नाही.

द्विध्रुवीय विकार आयुष्यभर सांभाळावा लागतो, पण त्यासाठी सहवासाचे सुख सोडून देण्याची गरज नसते. योग्य औषध, पुरेशी झोप, नियमित तपासणी आणि मोकळा संवाद यांच्या आधारे असंख्य पुरुष प्रेम करतात, संसार करतात, पिता होतात. पुढच्या भेटीत डॉक्टरांनी तो प्रश्न विचारला नाही, तर रुग्णाने विचारावा. गोळी थांबवण्याच्या आधी विचारावा.